वैद्यकीय प्रवेशाची मुलाखत : तयारी उत्तरांची की कारणांची?

‘घरात एक तरी डॉक्टर हवा’ हे वाक्य अनेक व्यापारी कुटुंबांत मोठ्या मायेने उच्चारले जाते. थोरल्याने पेढी सांभाळावी, मधल्याने सनदी लेखापाल व्हावे आणि धाकट्यांपैकी एखाद्या हुशार मुलाने वा मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी वाटणी मुले शाळेत असतानाच मनोमन ठरून जाते. त्यात वावगे काही नाही. मुलांचे भले व्हावे हीच त्यामागील इच्छा असते. परंतु जगातील अनेक वैद्यकीय महाविद्यालये प्रवेश देण्यापूर्वी उमेदवाराला समोर बसवून एक साधा प्रश्न विचारतात : ‘तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे?’ आणि मग असे लक्षात येते की या प्रश्नाचे उत्तर आजोबांजवळ आहे, वडिलांजवळ आहे, शिकवणीच्या सरांजवळही आहे. नाही ते फक्त ज्याला प्रश्न विचारला त्याच्याजवळ.

वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी म्हणजे काय, याचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

मुलाखत कोठे असते?

भारतात एम.बी.बी.एस.चा प्रवेश आज ‘नीट’ या ७२० गुणांच्या एकाच परीक्षेवर ठरतो. तेथे मुलाखत नाही. पूर्वी काही संस्था स्वतःच्या पद्धतीने निवड करीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात लेखी परीक्षेनंतर उमेदवारांना बोलावून काही दिवस निरनिराळ्या चाचण्या आणि मुलाखती घेतल्या जात. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. देशभर एकच परीक्षा आल्यावर या पद्धती मागे पडल्या.

एक ठळक अपवाद मात्र महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ए.एफ.एम.सी.मध्ये, नीटच्या गुणांवरून उमेदवार निवडून त्यांना पुण्यास बोलावले जाते. तेथे इंग्रजीचे आकलन आणि तर्कशक्ती यांची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शारीरिक तपासणी असे टप्पे असतात. मुलाखतीला ५० गुण आहेत.

परदेशी जाणाऱ्यांसाठी तर मुलाखत हा प्रवेशाचा मुख्य दरवाजाच होय. ब्रिटनमध्ये वैद्यकीय शाखेसाठी एका वर्षी जास्तीत जास्त चार विद्यापीठांकडे अर्ज करता येतो. त्याची अखेरची तारीख १५ ऑक्टोबर असते आणि मुलाखती बहुधा हिवाळ्यात होतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जागा तेथे मोजक्याच असतात. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका येथेही मुलाखतीवाचून सहसा प्रवेश मिळत नाही. परदेशात शिकून भारतात परत येऊन व्यवसाय करावयाचा असेल, तर भारतीय विद्यार्थ्याने नीटची पात्रताही मिळविलेली असावी लागते, ही गोष्ट पालकांनी आरंभीच ध्यानात ठेवावी. नियम वरचेवर बदलतात. त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

दहा खोल्या, दहा आरंभ

मुलाखत म्हटली की टेबलापलीकडे तीन-चार वयस्कर परीक्षक आणि अलीकडे घाम पुसणारा उमेदवार, असे चित्र डोळ्यांसमोर येते. ही पद्धत आजही आहे. परंतु तिच्यात एक दोष आहे. उमेदवार खोलीत शिरताच त्याचे बोलणे, चालणे, पोशाख यांवरून परीक्षकांचे मत बनते आणि पुढील अर्धा तास ते त्याच मताला दुजोरा शोधत राहतात. एका परीक्षकाला आवडलेला उमेदवार दुसऱ्याला आवडतोच असे नाही. मग निवड गुणांची झाली की नशिबाची?

कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठातील अभ्यासकांनी या शतकाच्या प्रारंभी यावर एक उपाय शोधला. एक लांब मुलाखत घेण्याऐवजी त्यांनी अनेक लहान मुलाखती योजल्या. साधारण दहा खोल्या. प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला. तो वाचण्यास दोन मिनिटे आणि आत जाऊन बोलण्यास आठ मिनिटे. घंटा झाली की पुढील दार. प्रत्येक खोलीत नवा परीक्षक, आणि आधीच्या खोलीत काय झाले याची त्याला काहीच कल्पना नाही. इंग्रजीत या पद्धतीला ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ म्हणतात. २००४ साली तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे ती अनेक देशांत पसरली. ब्रिटनमधील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये आज हीच पद्धत या ना त्या रूपात वापरतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी मात्र विषयज्ञानावर भर देणारी जुन्या धर्तीची मुलाखत राखली आहे.

व्यापाऱ्यांना या पद्धतीचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. सकाळचे पहिले गिऱ्हाईक हातचे गेले म्हणून दुकानदार तोंड पाडून बसला, तर दुसरेही जाते. प्रत्येक गिऱ्हाइकाचे स्वागत नव्या मनाने करावे लागते. दहा खोल्यांच्या मुलाखतीतही तिसरी खोली बिघडली तरी चौथीत पाटी कोरी असते. जो बिघडलेली खोली मनात घेऊन पुढे जातो, त्याच्या दोन खोल्या बिघडतात. जो ती दारातच सोडून देतो, त्याचे नुकसान एका खोलीपुरतेच राहते.

या खोल्यांत काय असते? कोठे एखाद्या नैतिक पेचाची चर्चा असते. कोठे एक नट दुःखी शेजाऱ्याची भूमिका करीत बसलेला असतो आणि उमेदवाराने त्याला वाईट बातमी सांगावयाची असते. कोठे एखादी साधी कृती, जसे बुटाची नाडी बांधणे, हातवारे न करता केवळ शब्दांनी समजावून द्यावयाची असते. रसायनशास्त्राची सूत्रे येथे फारशी कामाला येत नाहीत. ‘समोरच्या माणसाला समजले की नाही, हे याला समजते का?’ एवढेच परीक्षक पाहत असतो.

‘का?’ या प्रश्नाची खोली

पहिला प्रश्न बहुधा तोच असतो आणि त्याचे ठरलेले उत्तरही तेच असते : ‘मला समाजाची सेवा करायची आहे.’ हे उत्तर खोटे असते असे नव्हे. पण ते एवढ्या उमेदवारांनी दिलेले असते की त्यात उमेदवार कोठेच दिसत नाही. मग परीक्षक शांतपणे पुढचा प्रश्न करतो :

‘सेवा तर परिचारिकाही करते. रुग्णाजवळ ती डॉक्टरांहून अधिक वेळ असते. मग तुम्ही परिचारिका का होत नाही?’

पाठ केलेले उत्तर येथे संपते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? काही उमेदवार गोंधळून परिचारिकेचे काम दुय्यम असल्याचे सुचवितात आणि तेथेच गुण गमावतात. रुग्णालय हे एकट्या डॉक्टरवर चालत नाही, हे ज्याने पाहिलेलेच नाही, त्याच्या बोलण्यात ते येणार तरी कसे?

आता दुसरे उत्तर कल्पनेत आणून पाहावे. आडतीचा व्यवसाय असलेल्या घरातील एक मुलगी सांगते, ‘माझ्या आजीला मधुमेह होता. तिच्या पायाच्या जखमेची पट्टी रोज परिचारिका बदलत असे, आणि आजीचा जीव तिच्यावरच होता. पण ती जखम का भरत नाही, औषध बदलावे की बोट काढावे, हा निर्णय जेव्हा घ्यायचा होता, तेव्हा मला त्या निर्णयाविषयी जाणून घ्यावेसे वाटले. मी प्रश्न विचारत राहिले. डॉक्टर चुकू शकतात हेही मला तेव्हाच कळले. ती जबाबदारी अवघड आहे, पण मला तीच शिकायची आहे.’

या उत्तरात मोठे शब्द नाहीत. त्यात एक माणूस आहे, एक जखम आहे आणि मनात उठलेला एक प्रश्न आहे. परिचारिकेविषयी आदर आहे आणि डॉक्टरच्या कामाची जोखीमही ठाऊक आहे. परीक्षकाने यावर आणखी दहा प्रश्न विचारले तरी ही मुलगी उत्तरे देऊ शकेल, कारण ती आठवून बोलत आहे, पाठ करून नव्हे. पाठ केलेले उत्तर तिसऱ्या प्रश्नापर्यंत टिकत नाही. स्वतःचे कारण मात्र प्रश्नागणिक अधिक उलगडत जाते.

दुकानातील शिदोरी

व्यापारी घरातील मुलांना पुष्कळदा वाटते की, डॉक्टरांच्या मुलांना मुलाखत सोपी जाते आणि आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. ही समजूत चुकीची आहे. वैद्यकीय नीतीचे अनेक प्रश्न हे मुळात विश्वासाचे प्रश्न आहेत आणि विश्वास हेच तर पेढीचे भांडवल असते.

मॅकमास्टरच्या अभ्यासकांनी नमुन्यादाखल दिलेला एक प्रसंग पाहावा. एक डॉक्टर किरकोळ तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांना होमिओपॅथीची औषधे सुचवितो. त्या औषधांनी गुण येतो असे त्याला स्वतःला वाटत नाही. परंतु त्यांनी अपाय होणार नाही आणि रुग्णाला धीर येईल, असा त्याचा विचार असतो. यात नैतिक अडचण कोणती? उमेदवाराने यावर बोलावयाचे असते. होमिओपॅथी चांगली की वाईट, यावर वाद घालणाऱ्याला प्रश्न कळलेलाच नसतो. प्रश्न असा आहे की, ज्या मालावर देणाऱ्याचा स्वतःचाच भरवसा नाही, तो घेणाऱ्याच्या विश्वासाच्या बळावर द्यावा काय? गिऱ्हाईक समाधानाने परत गेले, तरी व्यवहार खरा झाला काय? आणि उद्या त्याला सत्य कळले, तर पुढच्या खऱ्या औषधावर तो विश्वास ठेवील काय? ज्या मुलाने घाऊक बाजारात ‘हा माल आमच्याकडे आहे, पण तुमच्या कामाचा नाही’ असे सांगून गिऱ्हाईक परत पाठविणारे आजोबा पाहिले आहेत, त्याला हा प्रश्न परका वाटू नये.

दुसरा विषय मूत्रपिंडाच्या विक्रीचा. एकाला पैशांची निकड आहे, दुसऱ्याला मूत्रपिंडाची. दोघेही राजी आहेत. मग व्यवहार का होऊ नये? व्यापाराच्या तर्कात वाढलेल्या मुलाला हा युक्तिवाद पहिल्या क्षणी बिनतोड वाटण्याची शक्यता असते. पण भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला आहे. जवळचे नातेवाईक अवयवदान करू शकतात. नातेवाईक नसलेल्याने ममतेपोटी दान करावयाचे म्हटले, तर प्राधिकार समितीची संमती लागते. कायद्याने हा अडसर का घातला? गरजेने गांजलेल्याची संमती ही खरोखर मोकळी संमती असते का? विकणारे नेहमी गरीब आणि घेणारे नेहमी सधन असतील, तर त्या बाजाराला काय म्हणावे? आणि उलट बाजूही आहे : अवयवाची वाट पाहत असताना काही रुग्ण दगावतात, त्यांना काय उत्तर द्यावे? दोन्ही बाजू मांडून, मग स्वतःचे मत कारणासह सांगणे, एवढीच अपेक्षा असते. कोणत्या गोष्टी विकावयाच्या नसतात, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या मुलाने जितका नीट विचारात घ्यावा, तितका दुसऱ्या कोणी क्वचितच घ्यावा.

तिसरी गोष्ट गोपनीयतेची. चांगल्या पेढीवर एका गिऱ्हाइकाची उधारी दुसऱ्यासमोर बोलली जात नाही. खातेवही सर्वांसमोर उघडी टाकली जात नाही. रुग्णाचा आजार हे त्याचे खातेच असते. ते त्याच्या भावासमोरही त्याच्या संमतीवाचून उघडावयाचे नसते. मात्र त्याच्या आजारापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर काय करावे? येथे पेढीचे उदाहरण अपुरे पडते आणि वैद्यकाचा स्वतंत्र विचार सुरू होतो. उदाहरण कोठवर साथ देते आणि कोठे सोडते, हेही उमेदवाराने सांगता यावे.

अशा चर्चांना आधार म्हणून चार तत्त्वे सर्वत्र सांगितली जातात : रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित साधणे, त्याचे अहित टाळणे आणि न्याय. टॉम ब्यूशॅम्प आणि जेम्स चिल्ड्रेस या अमेरिकन विद्वानांनी १९७९ साली आपल्या ग्रंथात ती मांडली. ही तत्त्वे मुलांनी जरूर समजून घ्यावीत. पण प्रत्येक उत्तरात त्यांची नावे जपमाळेसारखी ओढू नयेत. तराजू असणे वेगळे आणि तोलता येणे वेगळे.

बंधपत्राचा हिशेब

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाविषयी व्यापारी कुटुंबांत एक विशेष अडचण येते. तिचा स्पष्ट उल्लेख करणे हिताचे आहे. येथील शिक्षणाचा खर्च शासन उचलते आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून नोकरी करण्याचे बंधन असते. ते मोडावयाचे असेल, तर बंधपत्राची मोठी रक्कम भरावी लागते. हे ऐकताच काही घरांत कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला जातो : खासगी महाविद्यालयाचे शुल्क इतके, बंधपत्राची रक्कम तितकी, मग येथे शिकून पैसे भरून बाहेर पडणेच किफायतीचे!

हिशेबाच्या दृष्टीने ही बेरीज बरोबर असेलही. पण तो हिशेब घेऊन मुलाला मुलाखतीस पाठवू नये. तेथील परीक्षकांना जाणून घ्यावयाचे असते की, हा मुलगा सीमेवरील छावणीत, जहाजावर, बर्फाळ चौकीत काम करावयास खरोखर तयार आहे काय. बदली होईल तेथे जाईल काय. हुकूम पाळील काय, आणि एखाद्या वेळी रुग्णाच्या हितासाठी वरिष्ठाजवळ धीटपणे बोलेलही काय. ज्याच्या घरात बाहेर पडण्याची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवलेली आहे, त्याने ‘मला देशसेवा करायची आहे’ म्हणावे आणि परीक्षकांना ते खरे वाटावे, ही अपेक्षा दोन्ही अर्थांनी अयोग्य आहे. ते कळते म्हणून अयोग्य आहे, आणि कळले नाही तरीही अयोग्य आहे. एक जागा अशा रीतीने अडविली जाते, तेव्हा खरोखर सैन्यात जाऊ इच्छिणारे दुसऱ्या कोणाचे मूल बाहेर राहते. मुलाला सैनिकी जीवन नको असेल, तर घरी तसे मोकळेपणाने बोलावे आणि दुसरे महाविद्यालय पाहावे. आणि हवे असेल, तर बंधपत्राचा विषय घरात पुन्हा काढू नये.

तयारी कशी करावी?

तयारीचा काळ मुलाखतीच्या पत्रानंतरचे पंधरा दिवस असा नसून आधीची दोन वर्षे असा असतो. तिचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

पहिली गोष्ट, पाहणे. ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्यांच्या आणि रुग्णांच्या परवानगीने, सुटीतील काही दिवस बसावे. तेवढेच पुरेसे नाही. वृद्धाश्रम, अपंग मुलांची शाळा, रक्तदान शिबिर, औषधांचे दुकान येथेही माणसे भेटतात. परदेशी महाविद्यालये कोणत्या मोठ्या रुग्णालयात गेला होता यापेक्षा तेथे काय शिकला, हे अधिक विचारतात. स्वतःच्या दुकानात गल्ल्यामागे उभे राहून रागावलेल्या गिऱ्हाइकाची समजूत घातली असेल, तर तो अनुभवही सांगण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट, टिपणे. पेढीवर जसा रोजमेळ लिहिला जातो, तशी विद्यार्थ्याने एक वही ठेवावी. काय पाहिले, काय खटकले, काय कळले नाही आणि मत कोठे बदलले, हे चार-सहा ओळींत लिहावे. रुग्णाचे नाव लिहू नये. गोपनीयतेचा पहिला धडा तेथेच मिळतो. दोन वर्षांनी हीच वही मुलाखतीची सर्वांत खरी तयारी ठरते.

तिसरी गोष्ट, वाचन. रोज एक वृत्तपत्र आणि आरोग्याशी संबंधित बातमीवर घरात दहा मिनिटे चर्चा. ब्रिटनला जाणाऱ्याने तेथील जनरल मेडिकल काउन्सिलची ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ ही मार्गदर्शिका वाचावी. ती विनामूल्य उपलब्ध आहे. पुण्याला जाणाऱ्याने सैन्यदलांची रचना आणि वैद्यकीय सेवेचे काम यांची माहिती करून घ्यावी.

चौथी गोष्ट, बोलणे. आपल्या मुलांना गणित येते, पण अनोळखी मोठ्या माणसाशी आठ मिनिटे सलग बोलण्याची सवय नसते. घरी मोठी माणसे बोलतात, मुले ऐकतात, हा आपला परिपाठ आहे. तो थोडा सैल करावा. घड्याळ लावून एखाद्या प्रसंगावर बोलावयास सांगावे आणि प्रश्न विचारण्यासाठी घराबाहेरील व्यक्ती बोलवावी : एखाद्या शिक्षिका, निवृत्त अधिकारी, शेजारचे वकील. मुलाखत इंग्रजीत असली, तरी विचार आधी मातृभाषेत स्पष्ट व्हावा. गोंधळलेला विचार उत्तम इंग्रजीतही गोंधळलेलाच राहतो. जड शब्द शोधण्यापेक्षा लहान वाक्ये बोलण्याचा सराव करावा.

पाचवी गोष्ट, ‘मला ठाऊक नाही’ हे म्हणण्याचे धैर्य. व्यापारात न कळणाऱ्या मालाचा भाव छातीठोकपणे सांगणारा बुडतो. वैद्यकात तसे करणारा दुसऱ्याचा जीव बुडवितो. परीक्षकाला अज्ञानाची भीती वाटत नाही, लपविलेल्या अज्ञानाची वाटते. ‘हे मला ठाऊक नाही, पण शोधायचे झाल्यास मी अमुक ठिकाणी पाहीन, अमुक व्यक्तीला विचारीन’ हे उत्तर पूर्ण उत्तर होय.

मुलाखतीच्या तयारीचे वर्ग आता शहरोशहरी निघाले आहेत. सरावासाठी, वेळेचे भान येण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण तेथून तयार उत्तरांचे बाड विकत घेऊन देऊ नये. तेच बाड दुसऱ्या शंभर मुलांजवळही असते. शिवाय एका मुलाला दुसऱ्याच्या आजारपणाची गोष्ट स्वतःची म्हणून सांगावयास शिकविणे, ही वैद्यकीय आयुष्याची सुरुवात असत्याने करणे आहे.

पालकांचे स्थान

मुलाखतीच्या खोलीत पालक नसतात. ही गोष्ट साधी आहे, पण ती मनावर ठसावयास वेळ लागतो. शाळेच्या प्रवेशापासून वह्या-पुस्तकांपर्यंत सारे आईवडिलांनी पाहिलेले असते. येथे मात्र मूल एकटे दार उघडून आत जाते. म्हणून पालकांचे खरे काम त्या दिवसाच्या पुष्कळ आधी पूर्ण व्हावयास हवे.

त्यातील सर्वांत अवघड काम म्हणजे घरात तोच प्रश्न एकदा खऱ्या अर्थाने विचारणे. ‘तुला डॉक्टर का व्हायचे आहे?’ हा प्रश्न विचारून पालकांनी स्वतः गप्प बसावे. उत्तर सुचवू नये. ‘अगं, तुला लहानपणापासून आवड आहे ना!’ असे म्हणून वाक्य पूर्ण करू नये. मूल थांबले, अडखळले, तर थांबू द्यावे. ‘मला नक्की ठाऊक नाही’ असे उत्तर आले, तर ते अपयश मानू नये; शोधाची सुरुवात मानावी. आणि ‘मला व्हायचेच नाही, तुम्ही म्हणता म्हणून अभ्यास करतो आहे’ असे उत्तर आले, तर ते ऐकण्याचे बळ ठेवावे. बारावीत ऐकलेले हे वाक्य कडू लागते. पण तेच वाक्य साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मध्यावर किंवा चाळिशीत ऐकावे लागले, तर त्याची किंमत कितीतरी अधिक असते. तोट्याचा सौदा लवकर ओळखणे हेही व्यापारी शहाणपणच आहे. आणि येथे तर पणाला लागलेला असतो तो मुलाचा जन्म.

प्रवेश न मिळाल्यास घरातील भाषा काय असेल, हेही आधीच ठरवावे. जागा थोड्या आणि उमेदवार अनेक, अशा ठिकाणी चांगली मुलेही मागे राहतात. ‘एवढा पैसा खर्च केला’ हे वाक्य त्या दिवशी कोणीही उच्चारू नये. नातेवाइकांचे फोन वडीलधाऱ्यांनी घ्यावेत, मुलाच्या हाती देऊ नयेत.

ज्यांच्या घरी नीटशिवाय दुसरी परीक्षा नाही, त्यांनाही हा विचार लागू आहे. तेथे कोणी ‘का?’ विचारत नाही, एवढाच फरक. परंतु तो प्रश्न म्हणून नाहीसा होत नाही. रात्री दोन वाजता प्रशिक्षणार्थी डॉक्टरसमोर बेशुद्ध रुग्ण आणि घाबरलेले नातेवाईक उभे राहतात, तेव्हा तोच प्रश्न परत येतो आणि त्या वेळी गुणपत्रिका उत्तर देत नाही. काही महाविद्यालये तो प्रश्न दारातच विचारतात. बाकीच्यांच्या बाबतीत तो घरानेच विचारावयाचा असतो, आणि उत्तर येईपर्यंत धीराने थांबावयाचे असते.